सामायिक डेटा-संशोधन सुविधा : अनुदानाचा प्रस्ताव (वाशिम जिल्हा)

एकाहून अधिक संस्थांनी मिळून वापरायचे संगणक, साठवण, जोडणी, नीट नोंदवलेले डेटासंच आणि ते हाताळणारी माणसे यांना एकत्रितपणे सामायिक डेटा-संशोधन सुविधा म्हणतात. ‘डेटा’साठी मराठीत ‘विदा’ हा शब्दही वापरला जातो. अशी सुविधा उभारण्यासाठी शासनाकडे किंवा वित्तसंस्थेकडे करायच्या प्रस्तावाचा विचार येथे वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६० होती. जानेवारी २०१८मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्यासोबत वाशिमचीही निवड झाली. त्या कार्यक्रमात ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती सतत मोजली जाते. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, शेत अशा सगळीकडून येथे डेटा निघतो. त्याचा अभ्यास करणारी यंत्रणा मात्र बहुतेक जिल्ह्याबाहेर आहे. महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, तर कृषिसंशोधनाचे केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (१९६९) आहे. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यामुळे वाशिममधून जाणारा प्रस्ताव स्वभावतःच संयुक्त असावा लागतो.

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘पोकरा’चे, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे आहे. वाशिमसह १५ जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण गावांसाठी महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेकडे अर्थसाह्य मागितले. बँकेने फेब्रुवारी २०१८मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. राज्याचा वाटा धरून प्रकल्प ६० कोटी डॉलरचा होता. मागणी हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी होती. संगणकीय काम त्या मागणीच्या पोटात आले, आणि म्हणूनच ते टिकाऊ प्रश्नाशी बांधले गेले. गावाचा ‘पाण्याचा ताळेबंद’ मांडण्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीच्या साह्याने तयार झाली. पडलेल्या पावसापैकी किती वाहून गेला, किती मातीत ओल म्हणून राहिला, किती भूजलात उतरला आणि पिकाला किती कमी पडला, हे तीत काढले जाते. त्यासाठी रोजचा पाऊस, मातीची खोली आणि पोत, जमिनीचा उतार व वापर एवढे सगळे एका नकाशावर आणावे लागते. पावसाचे आकडे महसूल मंडळांतील ‘महावेध’च्या स्वयंचलित हवामान केंद्रांतून येतात, तर माती व भूवापराचे नकाशे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे असतात. यांपैकी कोणत्याही एका संस्थेकडे संपूर्ण चित्र नव्हते. सामायिक सुविधेची गरज इथेच दिसते.

पाण्याच्या ताळेबंदाचा हा प्रश्न वाशिमला विशेष लागू पडतो. काटेपूर्णा नदी जिल्ह्यातून निघून पूर्णेमार्गे तापी खोऱ्यात जाते, तर पैनगंगेचे पाणी गोदावरी खोऱ्यात जाते. जिल्हा पाणलोटाच्या दुभाजकावर आहे. खाली बेसाल्टचा खडक असल्याने भूजलसाठा मर्यादित राहतो. सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाने ओढ दिली तर कोणत्या शिवारात संरक्षित पाणी हवे, हे तालुक्याच्या सरासरीवरून कळत नाही. अशा प्रश्नापासून सुरू होणारा प्रस्ताव यंत्रांच्या यादीपासून सुरू होणाऱ्या प्रस्तावापेक्षा केव्हाही भक्कम.

अर्जाची दारे अनेक आहेत. २०२३मध्ये जाहीर झालेल्या उच्चशिक्षणासाठीच्या पीएम-उषा योजनेत तीन वर्षांसाठी १२,९२६.१० कोटी रुपयांची तरतूद होती; महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो आणि प्रस्ताव राज्यामार्फत जातात. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या ‘पेअर’ कार्यक्रमात अग्रणी संस्थेभोवती इतर विद्यापीठे जोडली जातात. तिथे एकट्या महाविद्यालयाला वाव नाही. विद्यापीठातूनच जावे लागते. स्वतः अर्ज करणाऱ्या महाविद्यालयाने १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातील कलम २(फ) आणि १२(ब)खालील आपली मान्यता आधी तपासावी. उत्तम कल्पनाही पात्रतेच्या पहिल्याच छाननीत अडकू शकते.

मोठी यंत्रे जिल्ह्यात विकत घेण्याची गरज आता कमी झाली आहे. २०१५च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशभर ‘परम’ मालिकेतील यंत्रे बसली. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ त्यांपैकी एक. मार्च २०२४मध्ये मंजूर झालेल्या १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानात संशोधकांना सवलतीच्या दरात संगणनक्षमता मिळण्याची सोय आहे. तेव्हा वाशिमच्या प्रस्तावात दूरची यंत्रे वापरता येतील अशी जोडणी, स्थानिक साठवण आणि प्रशिक्षित माणसे यांवर भर असावा.

अंदाजपत्रकात अनावर्ती आणि आवर्ती खर्च वेगळे दाखवतात. यंत्रे, बॅटरीसंच, वातानुकूलन हा पहिला भाग. वीजबिल, वार्षिक देखभाल करार, डेटा व्यवस्थापकाचे वेतन हा दुसरा. अनुदानाचा काळ संपल्यावर हा दुसरा भाग कोण उचलणार, याचे उत्तर सहभागी संस्थांच्या करारनाम्यात स्पष्ट हवे. व्यवस्थापकाचे पद गेले की डेटासंचांचे वर्णन थांबते, आणि वर्णन नसलेला डेटा दोन वर्षांत कोणालाच उलगडत नाही. कोणत्या संस्थेला किती वेळ वापर मिळणार, बाहेरच्या संशोधकाकडून किती शुल्क घ्यायचे, हेही त्याच करारनाम्यात ठरते.

डेटाच्या मालकीचा भाग अधिक नाजूक आहे. सातबारा, माती आरोग्यपत्रिका, पीकविमा यांच्या नोंदींतून थेट शेतकरी ओळखता येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संशोधन व सांख्यिकीला सवलत देतो. अट अशी की त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. म्हणून नावे व गटक्रमांक काढून टाकण्याची रीत, प्रवेशाचे स्तर आणि ग्रामपंचायतीला निष्कर्ष मराठीत परत देण्याची व्यवस्था प्रस्तावात लिहावी. ज्यांच्या शेतातून आकडे घेतले त्यांना ते परत मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

मंजुरीनंतर रक्कम बहुधा हप्त्यांनी येते. केंद्रीय अनुदानातील खरेदी सामान्य वित्तीय नियम, २०१७प्रमाणे होते. उपलब्ध वस्तू ‘जेम’ या शासकीय खरेदी पोर्टलवरून घ्याव्या लागतात आणि स्वायत्त संस्था नमुना १२-अ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र देतात. जानेवारी २०२०मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलवर उपकरणांची नोंद केली की इतर संस्थांचे संशोधकही त्यांचा वापर मागू शकतात.