एकाच कोंबडीला बाकीच्या टोचून हैराण करतात? कापू नका, आधी हे करून बघा

ईट (ता. भूम) : आपला तालुका दुधाचा अन् खव्याचा. म्हैस आजारी पडली तर रात्री बारा वाजता डॉक्टरला फोन जातो, कोंबडीसाठी कोण फोन करतंय? पण परसातल्या दहा-बारा कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात पडतात, आणि गावरान अंड्याला भावही फार्मच्या अंड्यापेक्षा चांगला मिळतो. अशा कळपात एक दिवस दिसतं की एक कोंबडी भिंतीकडे तोंड करून उभी आहे, पाठीची पिसं गेलीत, शेपटीपाशी रक्त आलंय. घरात लगेच सल्ला मिळतो, "मरायच्या आत कापून टाका." एवढी घाई करू नका. वेळेवर लक्ष दिलं तर अशी कोंबडी बहुतेक वेळा सावरते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते.

कोंबड्यांत मानपान असतो. कुणी कुणाला टोचायचं, दाण्यावर आधी कोण येणार, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डेरुप-एब्बे या अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्या बघून ही उतरंड १९२१ च्या सुमारास मांडली. आपल्या म्हाताऱ्या बायांना ती त्याच्याही आधीपासून माहीत असणार, फक्त कुणी लिहून ठेवली नाही. उतरंड असणं वाईट नाही. एखादी टोच बसते, खालची बाजूला होते, भांडण मिटतं. खालच्या कोंबडीला बाजूला व्हायला जागाच नसेल किंवा रक्त निघालं असेल, तर मात्र गोष्ट हाताबाहेर जाते. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात, आणि कधी कधी दोन तासांत जीव घेतात.

आधी खरंच टोचण्याचा प्रकार आहे का ते बघा. नुसती पाठीची आणि मानेची पिसं गेली असतील तर ते कोंबड्याचं काम असू शकतं. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो, दोन असले तर माद्यांचे हाल होतात. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळपट खपल्या असतील, आणि त्या दोन-चार पक्ष्यांना असतील, तर तो देवी रोग. पंखाखाली उवा-पिसवा आहेत का तेही बघा. आजारी कोंबडीलाही बाकीच्या टोचतात, म्हणून हिरवट पातळ हगवण किंवा वाकडी झालेली मान दिसली तर मानमोडीची शंका घ्या आणि तिला लांब ठेवा.

संध्याकाळी खुराड्यात कोंडताना एक साधी तपासणी करा. गळ्याखालची दाण्याची पिशवी हाताने चाचपा. सगळ्यांची भरलेली आणि हिची रिकामी असेल, तर हिला दाण्यावर येऊच देत नाहीत. छातीचं हाड धारदार लागलं तर हे बरेच दिवस चालू आहे असं समजा.

जखम असेल तर त्याच क्षणी कोंबडी वेगळी काढा. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा, मेडिकलमध्ये मिळणारं पोव्हिडोन आयोडीन लावा. नंतर कडुनिंबाच्या तेलात हळद कालवून लावली तर लाल रंग झाकतो आणि माशा बसत नाहीत. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं, कारण माशी बसली की जखमेत किडे पडतात. गाडीचं काळं ऑइल लावू नका. माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. मागून लाल मांस बाहेर आलं असेल तर घरचा उपाय नको, डॉक्टरांना दाखवा.

इथपर्यंत बरेच जण करतात. चूक होते ती पुढं. कोंबडी पंधरा दिवस आतल्या खोलीत ठेवतात, बरी झाली की एकदम कळपात सोडतात. तोवर कळप तिला विसरलेला असतो. ती परकी म्हणून पहिल्यापेक्षा जास्त मार खाते. यावर आपल्याकडं जुनंच साधन आहे, डालगं. रक्त थांबलं, जखम वाळली की तिला दिवसा परसातच, सावलीत, डालग्याखाली ठेवा. आत दाणा-पाणी द्या, डालग्यावर दगड ठेवा. बाकीच्यांना ती दिसते, पण टोचता येत नाही. पायाला दोरी लावून खुंटीला मात्र बांधू नका, कोणी अंगावर आलं तर पळणार कशी?

सात-आठ दिवसांनी अंधार पडल्यावर तिला खुराड्यात इतरांशेजारी बसवा आणि सकाळी लवकर उठून तासभर लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. मार खाणारीला काढण्यापेक्षा मारणारीला काढा. सगळ्या टोचतात असं वाटतं, पण नीट बघितलं तर सुरुवात एक-दोघीच करतात. त्या दांडग्या कोंबडीला पाच-सहा दिवस नजरेआड ठेवा. ती परत येते तेव्हा तिचा जुना मान गेलेला असतो, तिलाच जागा शोधावी लागते. जखम नसेल तर बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. चोच कापण्याचा विचार करू नका, परसातल्या कोंबडीला किडे वेचायला, माती उकरून दाणा टिपायला तीच लागते.

आता मूळ कारण. बहुतेक ठिकाणी जागा कमी असते. खुराड्यात दर कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा आणि बसायला दांडीवर आठ इंच हवेत. दाणा-पाणी एकाच भांड्यात न देता तीन-चार ठिकाणी, लांब लांब द्या. परसात कडब्याच्या पेंढ्या किंवा तुराट्या उभ्या करून ठेवा. नजरेआड जाता आलं की निम्मी भांडणं मिटतात. उन्हाळ्यात पत्र्याचं खुराडं तापतं आणि कोंबड्या चिडतात, तेव्हा वर पाचट किंवा ओलं गोणपाट टाका. रात्रभर पांढरा बल्ब लावू नका.

खाण्याकडंही बघा. कोंडून ठेवलेल्या कोंबडीला नुसती ज्वारी पुरत नाही. ज्वारीत प्रथिनं साधारण दहा टक्के असतात, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा टक्के लागतात. ती भूक मग दुसरीची पिसं खाऊन भागवली जाते. आपल्याकडं सोयाबीन घरोघरी आहे, थोडं भाजून भरडून द्या, पण कच्चं देऊ नका, ते पचत नाही. शेवग्याचा पाला, अझोला, गांडुळं चालतात. शेणात भुसा कालवून मडकं रात्रभर उकिरड्यापाशी पालथं घाला, सकाळी वाळवी मिळाली तर कोंबड्या तुटून पडतात. पेंड बुरशी लागलेली नको.

बाजारातून नवी कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळीच ठेवा, मानमोडी बहुतेक अशीच घरात येते. एकटीला आणण्यापेक्षा दोघी-तिघी आणा, म्हणजे सगळा मार एकीच्या वाट्याला येत नाही. गावरान कळपात एकच काळी कडकनाथ किंवा एकच गिरिराज सोडली तर वेगळी दिसते म्हणूनही ती टोचली जाते.

एवढं करूनही महिनाभरात जमलंच नाही, तर त्या कोंबडीला तिच्याशी पटणाऱ्या एकीसोबत पाहुण्यांकडं द्या किंवा दांडगीला विकून टाका. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मलूल दिसल्या तर मात्र हा टोचण्याचा प्रकार नव्हे. अशा वेळी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा.