शब्द सारखे, अर्थ निराळे

प्रतिनिधी, सेनगाव (जि. हिंगोली)

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे नर्सी हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे असल्यामुळे पंजाबातील भाविकही येथे दर्शनाला येतात. पंजाबी घरात 'काका' म्हणून हाक मारली, तर ओ देतो तो घरातला लहान मुलगा. तीच हाक मराठी घरात ऐकू आली, तर उठतात ते वडिलांचे भाऊ! दोन्ही भाषा एकाच आर्यभाषाकुळातील, उच्चारही तोच. पण पिढी मात्र बदलली. भाषा जेवढ्या जवळच्या, तेवढी फसगत अधिक, हा भाषांच्या अभ्यासातील जुना अनुभव आहे.

शाळा आणि छडी

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे 'शिक्षा'. संस्कृतात 'शक्' म्हणजे समर्थ असणे. समर्थ होण्याची इच्छा दाखविणारे 'शिक्ष्' हे रूप त्यापासून झाले आणि त्याला शिकणे असा अर्थ आला. हिंदीने 'शिक्षा' शब्दाचा अध्ययनाचा अर्थ जपला. मराठीने त्यासाठी 'शिक्षण' शब्द ठेवला आणि 'शिक्षा' दंडाकडे सोपविली. एखाद्याला 'चांगला धडा शिकवला' असे आपण म्हणतो, त्यातही हीच वाट दिसते.

विशेष म्हणजे कन्नड आणि तेलुगू या द्रविड कुळातील भाषांतही हा संस्कृत शब्द दंड याच अर्थाने रूढ आहे. 'संसार' शब्दाचेही तेच. मूळ अर्थ एका स्थितीतून दुसरीकडे सरकत जाणे, फिरत राहणे. हिंदीत त्याचा अर्थ जग. मराठीत घरप्रपंच, आणि कन्नड-तेलुगूतही कुटुंब. मराठीत आणि कन्नडमध्ये 'कादंबरी' वाचली जाते. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या कथेचे नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला मिळाले. हिंदीत तिला 'उपन्यास' म्हणतात. पण तेलुगूत 'उपन्यासम्' म्हणजे व्याख्यान. म्हणजेच कुळाने हिंदीची बहीण असलेली मराठी अनेक शब्दांच्या अर्थाबाबत दक्षिणेकडील शेजारणींच्या पंगतीला बसते. शब्दांचे अर्थ रक्तापेक्षा शेजारावर अधिक ठरतात, असे यावरून म्हणता येईल.

'अवसर' तर तीन भाषांत तिघांना तीन ठिकाणी नेतो. हिंदीत संधी, तेलुगूत गरज आणि कन्नडमध्ये घाई!

फार्सी-अरबीचा वारसा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याआधीच्या शतकांतही दख्खनच्या दरबारांत फार्सीचे वर्चस्व होते. ते कमी करण्यासाठीच शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. तरीही शेकडो शब्द मराठीत राहिले. मात्र त्यांतील अनेकांनी अर्थ बदलला.

* तालीम : अरबीत शिकविणे. उर्दूत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव.
* हरकत : अरबीत हालचाल. उर्दूत कृती, मराठीत आक्षेप किंवा अडचण.
* रजा : मूळ अर्थ संमती, राजीखुशी. मराठीत निरोप आणि कामावरील सुटी.
* सही : मूळ अर्थ बरोबर, खरे. मजकूर खरा असल्याची खूण म्हणून मराठीत स्वाक्षरी.
* खुलासा : अरबीत सारांश. मराठीत स्पष्टीकरण, आजच्या हिंदी बातम्यांत गौप्यस्फोट.
* शिकस्त : फार्सीत मोडणे यावरून आलेला शब्द. उर्दूत पराभव, मराठीत मात्र प्रयत्नांची पराकाष्ठा.

संस्कृत 'चेष्टा' आणि अरबी 'हरकत' यांचे नाते पाहण्यासारखे आहे. दोन्हींचा मूळ अर्थ हालचाल. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. मराठीत ती थट्टा झाली. 'हरकत' मात्र आक्षेपाकडे वळली. एकाच ठिकाणाहून निघालेले दोन शब्द मराठीत असे दोन वाटांना गेले.

युरोपातही हीच गत

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील लोकांना एकमेकांच्या भाषा बऱ्याच अंशी समजतात. तेथेही 'रोलिग' हा शब्द घोटाळा करतो. डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत त्याचा अर्थ शांत, तर स्वीडिशमध्ये गमतीदार. मूळ 'रो' म्हणजे विसावा. 'ग्रीने' म्हणजे डॅनिशमध्ये हसणे आणि नॉर्वेजियनमध्ये रडणे! तोंड वेडेवाकडे करणे हा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर दोन्ही अर्थ पटतात.

केवळ गंमत नव्हे

मराठवाड्यात हा विषय कागदपत्रांपर्यंत पोहोचतो. कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी लिपीतील दप्तरे पुन्हा उघडली गेली. अशा कागदांत लिपी वाचता येणे ही पहिली पायरी झाली. वाचलेल्या शब्दाला आजचा मराठी अर्थ लावला, तर संमतीची सुटी आणि पराभवाचा प्रयत्न होऊ शकतो. एखाद्या कुटुंबाचा दाखला किंवा जमिनीचा हक्क अशा एका शब्दावर अडू शकतो.

विद्यार्थ्यांनाही याची झळ बसते. हिंदीतील 'अभ्यास' म्हणजे सराव, 'अवकाश' म्हणजे रजा आणि 'व्यस्त' म्हणजे कामात गुंतलेला, हे ठाऊक नसेल तर ओळखीचा शब्दच उत्तर चुकवितो. अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र न तपासता पुढे जातो.

त्यासाठी साधने हाताशी आहेत. माधव त्रिंबक पटवर्धन यांचा 'फार्सी-मराठी कोश' १९२५ मध्ये, तर कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या भाषेतील शब्द आपलाच आहे असे वाटले, की एकदा ते उघडून पाहावेत. तेवढ्याने दोन भाषांतील नाते तर कळतेच, शिवाय 'शिक्षा' घ्यायला गेलेल्याला शिक्षा भोगावी लागत नाही.