आंतरराष्ट्रीय विमान पकडायचंय? चंद्रपूर-गडचिरोलीतून कधी निघायचं?

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचा, असं सगळेच सांगतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीकरांचा प्रश्न वेगळा असतो: घरातून कधी निघायचं?

जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ नागपूरचा. रस्त्याने तो चंद्रपूरहून साधारण १५० आणि गडचिरोलीहून १७० किलोमीटरवर आहे.

त्यामुळे हिशेब उलटा करा. समजा, विमान १५ तारखेला पहाटे ४ वाजता आहे. म्हणजे रात्री १ वाजता विमानतळावर हवं. चंद्रपूरहून प्रवासाचे तीन तास आणि पंक्चर, ट्रॅफिकसाठी एक तास धरला, तर रात्री ९ ला निघावं लागेल. गडचिरोलीहून ८ ला. तेही १४ तारखेला! तिकिटावरच्या तारखेच्या रात्री निघालात, तर विमान कधीच गेलेलं असेल.

तीन तास कशासाठी?

चेक-इन, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी, अशा तीन रांगा असतात. चेक-इन काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतं. नेमकी वेळ विमान कंपनीच्या वेबसाइटवर बघा.

मुंबई किंवा दिल्लीमार्गे जाताय?

शक्यतो संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. तिकिटं वेगवेगळी असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढच्या तिकिटाचा भुर्दंड सहसा तुमच्यावरच पडतो.

पावसाळ्यात काय?

पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. अशा भागातून निघणाऱ्यांनी तासांचा हिशेब करूच नये. किमान एक दिवस आधी नागपूर गाठावं.