'केसाळ' हरभरा

* केसाळ : चाकूर परिसरातल्या पिकांच्या वर्णनात लेखकाने सोयाबीन, तूर आणि हरभरा या तिघांनाही हा एकच शब्द लावला आहे. वनस्पतिवर्णनात एवढ्यावर भागत नाही. लव आखूड व मऊ आहे की लांब व राठ, सरळ उभी आहे की पृष्ठाला चिकटून, आणि मुख्य म्हणजे टोकाशी स्राव करणारी प्रपिंडे आहेत की नाहीत, हे सांगावंच लागतं. सोयाबीनच्या शेंगेवरची भुरकट लव राठ आणि कोरडी असते. हरभऱ्याचं देठ भिंगाखाली धरलं, की अनेक केसांच्या फुगीर टोकांवर एकेक चकाकता थेंब दिसतो. तोच आंब. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. यातलं ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ रोखतं. मोठा पाऊस झाला की हा आंब धुऊन जातो. रात्री पिकावर स्वच्छ फडकं पसरून पहाटे पिळून घेण्याची रीत याच केसांच्या जोरावर चालत आली. तुरीच्या कोवळ्या शेंगेवर मात्र कोरडे आणि चिकट असे दोन्ही केस एकत्र असतात.

या भागातल्या वनस्पतींची शास्त्रीय वर्णनं पाहायची तर वि. ना. नाईक यांचे उस्मानाबाद (१९७९) आणि मराठवाडा (१९९८) यांवरचे इंग्रजी ग्रंथ पाहावेत. चाकूर ज्यात येतं तो लातूर जिल्हा उस्मानाबादमधून १९८२ साली वेगळा झाला, त्यामुळे चाकूरसाठी पहिला ग्रंथही उपयोगी आहे. प्रस्तुत आवृत्तीत हरभऱ्यासाठी 'प्रपिंडीय लवयुक्त' असा बदल केला आहे.