२६ मे १९९५ : ‘कॅस्पर’ प्रदर्शित

ब्रॅड सिल्बर्लिंग दिग्दर्शित ‘कॅस्पर’ १९९५ साली या दिवशी अमेरिकेत झळकला. प्रत्यक्ष नटांसोबत वावरणारा नायक संपूर्णपणे संगणकावर घडवण्याचा हा पहिलाच प्रयोग. ‘टॉय स्टोरी’ त्यानंतर सहा महिन्यांनी आला. ते तंत्र आता जुने झाले. तरी ऐन उन्हाळ्यात आलेला हा भूतपट दर हॅलोविनला पुन्हा पाहिला जातो. कथेचा शेवट हॅलोविनच्या पार्टीत होतो, हे एक कारण. खरे कारण मात्र वेगळे आहे : मृत्यू या विषयावर तो मुलांशी आडपडदा न ठेवता बोलतो. कॅस्पर हे एका लहान मुलाचे भूत. माळ्यावरच्या खेळण्यांत त्याला जुनी घसरगाडी सापडते आणि सारे आठवते. थंडीत खेळताना आपण आजारी पडलो, गेलो आणि वडील एकटे पडू नयेत म्हणून मागे राहिलो. त्याची मैत्रीण कॅट, तीही आई गमावलेली.

तीन भूतकाकांचा धुडगूस अति होतो आणि मृत्यूला गोड मुलामा दिला जातो, हे आक्षेप घेतले जातात. पहिला मान्य करावा लागतो. दुसरा टिकत नाही. पुन्हा जिवंत होण्याची एकमेव संधी कॅस्पर कॅटच्या वडिलांना देऊन टाकतो. बदल्यात मिळालेले माणसाचे रूप रात्री दहापर्यंतच टिकते. कॅटची आईही पुन्हा जिवंत होत नाही. लहानपणी हसवणारा हा चित्रपट मोठेपणी चटका लावतो, तो या प्रामाणिकपणामुळेच.