पोलोच्या टापा आणि एक अर्ज

मुंबईच्या क्रिकेटची कथा लॉर्ड हॅरिस यांच्यापासून सुरू करण्याची रीत पडून गेली आहे. १८९० ते १८९५ ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी इथल्या लोकांना क्रिकेटची गोडी लावली, मैदाने दिली, असे सांगतात. या सांगण्याला आधार किती, हे पाहायला दोन सनावळ्या पुरतात. हॅरिस यांचा जन्म १८५१चा. मुंबईतल्या पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ साली.

या सुरुवातीच्या क्लबांसाठी आज मुख्यतः तीन जुन्या ग्रंथांकडे जावे लागते. माणेकजी कावसजी पटेल यांचा पारशी क्रिकेटचा इतिहास १८९२चा, शापूरजी सोराबजी यांची बखर १८९७ची आणि फ्रामजी पटेल यांच्या आठवणीवजा नोंदी १९०५च्या. म्हणजे सर्वांत जुना ग्रंथसुद्धा ओरिएंटल क्लबनंतर चव्वेचाळीस वर्षांनी छापलेला. त्यामुळे १८४८च्या सुमाराचे जे चित्र शापूरजी रंगवतात, गोऱ्या सोल्जरांची नक्कल करणारी पोरे, उंच टोपीचा स्टंप, छत्रीची बॅट, चिंध्या भरून मोच्याकडून शिवून घेतलेला वेडावाकडा चेंडू, ते ऐकीव म्हणूनच वाचावे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण घरोघर सांगितली गेलेली हकिकत आणि लेखी पुरावा यांना एका पंक्तीत बसवता येत नाही. ओरिएंटल क्लब अल्पायुषी ठरला आणि १८५० साली झोरोस्ट्रियन क्लब उभा राहिला, एवढे धरून पुढे जाता येते. त्यानंतरच्या वीस वर्षांत पारशांचे तीसेक क्लब निघाले. ज्युपिटर, मार्स अशी रोमन देवांची नावेही त्यांनी घेतली. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब १८६६चा.

हे सगळे क्लब खेळत ते एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे आज त्याचे उरलेले तुकडे. १८६०च्या दशकात तट पाडले गेले, रस्ते आणि इमारती आल्या, पटांगण आक्रसत गेले आणि खेळणारे मात्र वाढत गेले. अशातच १८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो फक्त गोऱ्यांसाठी होता आणि क्रिकेटसाठी त्याला राखीव, कुंपणाआडची जागा होती. दोन वर्षांनी, १८७७मध्ये, पारशांचा संघ या जिमखान्याविरुद्ध सामना खेळला, इतपत जवळीक होती.

बिनसले ते पोलोवरून. जिमखान्याच्या सभासदांना पोलो खेळायचा होता, पण स्वतःच्या क्रिकेटच्या हिरवळीवर घोडे घालायला ते तयार नव्हते. म्हणून घोडे धावले ते एतद्देशीयांच्या भागात. आठवड्यातून दोनदा टापांनी उकरलेल्या जमिनीवर चेंडू कसा उसळतो, हे खेळलेल्या माणसाला सांगायला नको.

शापूरजींच्या ग्रंथाचा कणा म्हणजे हे प्रकरण. युरोपियांचा पोलो विरुद्ध एतद्देशीयांचे क्रिकेट, हे शब्द त्यांनी थेट ग्रंथाच्या शीर्षकातच घातले आहेत. ते स्वतः या लढ्यातले पक्षकार. त्यामुळे त्यांचा ग्रंथ वकिलाने मांडलेल्या कैफियतीसारखा वाचायला हवा: युक्तिवाद एकतर्फी, पण जोडलेली कागदपत्रे मोलाची. १८८१च्या उत्तरार्धात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे चारशेहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. त्यातली मागणी साधी होती: पोलो दुसरीकडे हलवा. १८८२मध्ये सरकारने ती मानली आणि पोलोला कूपरेज दाखवले. जिमखान्याने तक्रार केली, आणि पुढल्याच वर्षी सरकारने आपला निर्णय फिरवला. घोडे परत आले.

मला या अर्जाचे महत्त्व एखाद्या सामन्यातल्या विजयापेक्षा मोठे वाटते. त्या वेळी काँग्रेसची स्थापना व्हायला अजून चार वर्षे होती. सार्वजनिक जागेवर आपला हक्क आहे, तो गोऱ्या सभासदांच्या करमणुकीखाली चिरडला जातो आहे, असे कारकुनी-व्यापार करणारी, शनिवारी खेळायला येणारी माणसे सही करून सांगत होती. वर्तमानपत्रांनीही ही बाजू उचलून धरली. भीक मागण्याचा हा सूर नव्हे.

अर्ज हरला, पण प्रश्न सरकारला टाळता येईना. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला. सर जमशेटजी जीजीभॉय अध्यक्ष, जमशेटजी टाटा कार्यकारी प्रमुख. १८८७मध्ये त्याला केनेडी सी फेसवर, समुद्र हटवून काढलेल्या भूमीवर जागा मिळाली. हॅरिस अजून मुंबईत यायचे होते. १८९०च्या जानेवारीत पारशांनी व्हर्नन यांच्या इंग्रज संघाला चार गडी राखून हरवले, तेही हॅरिस यांच्या कारकिर्दीआधीच.

त्यांच्या काळात हिंदू आणि मुसलमान खेळाडूंनीही पारशांच्या शेजारी जागा मागितली. १८९२च्या सरकारी फाइलीत हॅरिस यांचा शेरा आहे. त्याचा आशय असा: यांना नकार कसा द्यावा हे कळत नाही, परंतु यापुढे तिथे आणखी जिमखाना मुळीच नको. पारशांना दिल्यावर इतरांना नाही म्हणायची सोय उरली नव्हती, असाच या शेऱ्याचा अर्थ निघतो. औदार्याचे श्रेय त्यातून काढायचे तर शब्द फारच ताणावे लागतील. इस्लाम जिमखान्याला जागा मिळाली आणि परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना १८९४ साली सुरू झाला. जागा मिळाल्या त्या धर्मवार. एस्प्लनेडवर शेजारीशेजारी खेळणारे क्लब आता वेगवेगळ्या कुंपणांत गेले. पुढे चार दशके गाजलेल्या आणि अखेर १९४६मध्ये बंद पडलेल्या जातवार सामन्यांची जमीन, शब्दशः, तिथेच आखली गेली.