बोदवडच्या पायाखालची साडेसहा कोटी वर्षं

मलकापूरकडे निघालात आणि बोदवडची शेवटची घरं मागे पडली, की थांबा. वैशाखातली दुपार आहे. कपाशीची रानं नांगरून टाकली आहेत, ढेकळं तापली आहेत, आणि न नांगरलेल्या बांधालगत जमिनीला इतक्या रुंद भेगा पडल्या आहेत की हाताचा पंजा आत जावा. इथून मागे जायचं आहे. आधी जिनिंगची पत्र्याची छतं जातील, मग रेल्वे, मग बाभळी, मग माणूस. पुढे सातपुडा खाली बसेल आणि तापी पुसली जाईल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांवर पोचलात की थांबा.

पहिल्यांदा वास येतो तो गंधकाचा. घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं. सूर्य आहे, पण तांबूस आणि मळका. डोक्यावरचं आकाशही ओळखीचं नाही, कारण तुम्ही ज्या भूमीवर उभे आहात ती अजून विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला आहे, आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास सरकत उत्तरेकडे निघाली आहे. आज रियुनियन बेटाखाली जो तप्त झरा धगधगतो, त्याच्या वरून ती जाते आहे.

ज्वालामुखीचा डोंगर शोधू नका, तसा तो नाहीच. जमीनच उभी चिरली आहे. मैलोन्‌मैल लांब भेग आणि तिच्यातून वर येणारा रस. (त्या भेगांत थिजून राहिलेला दगड धुळे-नंदुरबारकडे आजही अरुंद, लांबच लांब टेकड्यांच्या रूपात उभा आहे.) लाव्हा धावत येईल असं तुम्हाला वाटलं असेल. तो चालत येतो, तुमच्याहून हळू. वरून दुधावरच्या सायीसारखा काळपट पापुद्रा धरतो आणि आतून फुगत राहतो. पापुद्रा फुटतो, लाल जीभ बाहेर येते, ती गोठते, पुन्हा फुगते. झाडं उभ्या जागी पेटतात. तुम्ही मागे सरकता, तो येतच राहतो.

मग थांबतो. इथे घाई करू नका, कारण बोदवडचं सगळं नशीब या थांबण्यात आहे. एक थर निवला की हजारो वर्षं काहीच घडत नाही. पाऊस पडतो, वरचा दगड कुजून माती होते, तिच्यात झाडं रुजतात. मग पुन्हा भेग उघडते, नवा थर येतो, खालची माती भाजून विटकरी लाल होते. विहिरीच्या भिंतीत दोन काळ्या थरांमध्ये जी तांबडी पट्टी दिसते, ती अशी भाजलेली माती. ती कुणाच्या शेताची नव्हती, पण जमीन तीही होती.

थर निवताना त्यातला वायू वर चढतो आणि वरच्या भागात बुडबुडे राहून जातात. तोच भाग पोकळ, ठिसूळ, छिद्रांचा. मधला भाग मात्र एकसंध, घट्ट, फत्तर. वर पोकळ, मध्ये घट्ट, मग तांबडी पट्टी, मग पुन्हा पोकळ आणि घट्ट, असे थरांवर थर. सह्याद्रीत या थरांची उंची दोन किलोमीटरच्या घरात जाते, आणि झीज होऊन उरलेला पसारासुद्धा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून स्फटिक धरले. जळगाव जिल्ह्याच्या खाणींतले हिरवट, पांढरे स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. जामनेरच्या पलीकडे, वाघूरच्या वळणावर अजिंठ्याची लेणी कोरली गेली तीही याच थरांत.

याच काळात पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, आजच्या मेक्सिकोत, एक प्रचंड अशनी आदळतो आणि डायनोसॉर संपतात. त्या संहारात अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, हा वाद शास्त्रज्ञांमध्ये अजून मिटलेला नाही.

आता पुढे चला. लाव्हा आटला आहे. काळ इतका लांब आहे की काही घडत नाही असंच वाटेल, पण उत्तरेकडे बघत राहा. जमीन दोन समांतर भेगांवर तुटते. मधला पट्टा खचतो, पलीकडची बाजू उचलली जाते. उचललेला भाग तो सातपुडा, आणि खचलेला तो तापी-पूर्णेचं खोरं. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात आणि तापी मात्र पश्चिमेला, ती याच खचलेल्या चराला धरून. मुलताईपासून समुद्रापर्यंत 724 किलोमीटर. सातपुड्यावरून उतरणारे ओढे त्या चरात गोटे, वाळू, गाळ आणून टाकतात. लाखो वर्षं टाकतात. काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरहून खोल भरला आहे. यावल-रावेरची केळी त्या गाळावर उभी आहेत.

आणि बोदवड? ते चराच्या बाहेर, दक्षिणेच्या काठावर राहिलं. पायाखाली थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. तीस-चाळीस किलोमीटरवर गाळाचं कोठार आणि इथे फत्तर. शेजारच्या तालुक्याशी तुलना करून बोदवडच्या शेतकऱ्याला कुणी बोल लावला, की मला राग येतो. हा फरक कष्टांचा नाही. तो जमीन कुठे तुटली याचा आहे.

सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर एक क्षण थांबा. आग्नेयेकडे, क्षितिजाजवळ, भर दिवसा दुसरा सूर्य उतरल्यासारखा उजेड होतो. आवाज नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत पायाखालची जमीन थरथरते. मग पाच मिनिटांहून अधिक शांतता, आणि नंतर तो धमाका. 110 किलोमीटरवर अशनी आदळून लोणार जन्माला आलं आहे. याच काळ्या पाषाणात 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा.

पंचवीस हजार वर्षांपूर्वी, चाळीसगावजवळच्या पाटण्याला माणूस दिसतो. तो शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर आडव्या-तिरप्या रेघा कोरतो आहे. खानदेशात शहामृग! हवा तेव्हा अशी कोरडी, माळरानाची होती. काळ्या मातीत रुतणाऱ्या पायाला हे आज पटायला जड जातं.

मग 1297. वैशाख वद्य. तुम्ही तापीच्या काठावर, मेहूणला आहात. निवृत्तिनाथ, नामदेव आणि संतमंडळी बरोबर आहेत. सकाळपासून हवा हलत नाही. मुक्ताबाई अठरा वर्षांच्या. ज्ञानदेवांनी समाधी घेऊन वर्षही झालेलं नाही. दुपार कलते, सातपुड्याच्या अंगाला ढग उभे राहायला लागतात, काळे, वरच्या टोकाला पसरलेले. वावधान सुटतं, धूळ उठते, डोळे मिटावे लागतात. एकच कडाका, सगळं पांढरं. डोळे उघडतात तेव्हा मुक्ताबाई नाहीत. वारकरी परंपरा सांगते ती कथा एवढीच, आणि सातशे वर्षं ती इथल्या माणसाला खरी वाटत आली, कारण वैशाखाची ही दुपार प्रत्येकाने पाहिलेली आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते, ढगात बर्फाचे कण एकमेकांवर घासतात, आणि विजेची वाट क्षणभर तीस हजार अंशांच्या आसपास तापते. खानदेशात गुरांवर, झाडाखाली थांबलेल्या मजुरांवर आजही ती पडते. श्रद्धेने त्या क्षणाला मुक्ती म्हटलं. मला वाटतं, इतक्या मोठ्या शक्तीपुढे माणसाने दिलेलं ते सर्वांत धीराचं उत्तर होतं.

1899 ओलांडताना नजर खाली ठेवा. विक्रम संवत 1956, छपन्याचा दुष्काळ. भिल्ल पाड्यांवर जे घडलं ते बघवत नाही. 1938चा मार्च, फैजपूरची काँग्रेस होऊन सव्वा वर्ष झालेलं. 14 तारखेला सातपुड्याखाली सुमारे 40 किलोमीटर खोल काहीतरी सरकतं आणि खानदेशभर जमीन हलते. 6.3च्या आसपासचा भूकंप. खचलेला चर अजून पुरता निजलेला नाही.

1972च्या दुष्काळात मात्र बसा, घाईने जाऊ नका. रस्त्याच्या कडेला खडीचं काम चालू आहे. एक बाई, कपाळापर्यंत पदर, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्या हाताने ती दगड धरते, उजव्या हाताने हातोडी. पहिल्या घावाला ठिणगी आणि जळकट वास. दुसऱ्या घावाला कपचा उडतो, ती मान वळवते. मावशींच्या बाजूला बसा, बोलू नका. संध्याकाळी मुकादम येऊन ढिगाला टेप लावेल, मापात बसलं तर मजुरी. लेकरू ढिगाशेजारी झोपलं आहे, उद्या सुकडी मिळेल या आशेवर. तिच्या हातातला दगड तुम्ही ओळखता. तो लाल जीभ होऊन तुमच्यासमोर आला होता, तुम्ही मागे सरकला होतात. तिला मागे सरकायला जागा नाही. पाणी न देणारा जो फत्तर, तोच फोडून तिने ते वर्ष काढलं. महाराष्ट्राची रोजगार हमी अशा लाखो हातांनी उभी केली, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच सुमारास स्थापन झाली.

आता या आजच्या वैशाखात. पायाखाली पुन्हा त्याच भेगा. ही काळी माती त्याच पाषाणाची, हजारो वर्षं कुजून झालेली. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, ओल धरून ठेवते. बोदवडची कपाशी त्या ओलीवर पिकते. एकाच लाव्ह्याने माती दिली आणि पाणी अडवलं. म्हणून तापी-पूर्णेचं पाणी इथे नळयोजनेने चढवून आणावं लागतं, म्हणून पूर्णेचं पावसाळी पाणी उचलणारी बोदवड परिसर सिंचन योजना आखावी लागली, आणि तरी उन्हाळ्यात नळाची वाट दिवस मोजत बघितली जाते.

मग गावागावात बोअरची गाडी येते. दोनशे फूट, तीनशे, पाचशे. नळीतून पांढरी धूळ उडते आणि शेतकरी गाडीच्या बाजूला उकिडवा बसून ती बघत असतो. कर्ज त्या धुळीत जातं. या दगडात पाणी आहे, पण ते मुरमात, वरच्या पोकळ भागात आणि सांध्यांत आहे. घट्ट फत्तरात सांधा लागला तर लागला. नाहीतर खोल जाऊन धूळच हाती येते. वरचा पोकळ भाग पावसाळ्यात भरला नाही, तर खाली शोधण्यासारखं फारसं उरत नाही. गाळाच्या खोऱ्यातला नियम फत्तराच्या काठावर चालत नाही, आणि तो चालेल असं शेतकऱ्याला सांगणारा त्याचं नुकसान करतो.

बोदवड, जामठी, शिरसाळा, नाडगाव, कुठलेही असा. यंदा मृग लागायच्या आत आपल्या शिवारातल्या विहिरी एकदा नीट बघा. मुरूम किती हातांवर संपतो, तांबडी पट्टी कुठे आहे, जानेवारीत झरा कुठल्या थरातून येत होता, हे म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहा आणि ग्रामपंचायतीत लावा. भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला ती वही दाखवा. नाला कुठे अडवायचा, वाहून जाणारं पाणी कुठल्या विहिरीत सोडायचं, हे त्या वहीवरून ठरवा. बोअरचा विचार त्यानंतर करा.